चांदीला पडलेला खड्डा

हमरापूरच्या कान्हू मूर्तिकाराची थोरली लेक सुरभी रोज काळोख बघायला निडीला जाते, असं गावात म्हणायचे. म्हणणाऱ्यांचंही फार चुकत नव्हतं. सकाळची रोह्याची गाडी पकडायची, निडीला उतरायचं, डोंगराच्या पोटाशी बांधलेल्या संस्थेत शिरायचं आणि खिडकी नसलेल्या खोलीत दिवसभर एका काळ्या पडद्याकडे बघत बसायचं. संध्याकाळी घरी आली की तिची आई पुतळी हातातला ब्रश खाली न ठेवता विचारायची, "दिसला काय गो आज?"

"नाय."

"मंग उद्या दिसेल."

दोन वर्षं हे 'उद्या' चाललं होतं. आता तर पुतळीच्या आवाजातलाही दम गेला होता. देवाला पाणी घालावं तसं ती विचारायची आणि उत्तर यायच्या आधीच मान खाली घालून रंग लावू लागायची.

सुरभी वाढली ती मूर्तींच्या कारखान्यात. कारखाना म्हणजे पुढे पत्र्याची शेड आणि मागे घर, दोन्हीकडे सारखीच माती. दुसऱ्यांची पोरं पाटीवर अक्षर गिरवत होती तेव्हा हिच्या हातात पॉलिश पेपर होता. कच्ची मूर्ती साच्यातून निघाली, सुकली, की तिच्या अंगावरून तो कागद फिरवायचा. मग बोट फिरवायचं. कुठे खरखर लागली की परत कागद, परत बोट. बोटाला जे कळतं ते डोळ्याला कळत नाही, असं कान्हू सांगायचा. त्याचा कायदा एकच. मूर्तीला टवका उडाला, बारीक चरा जरी पडला, तर ती त्याच क्षणी बाजूला. "खंडित झाली ती. तिला आता हात लावू नका." गिऱ्हाईकाला जन्मात दिसणार नाही असा चरा असला तरी.

एकदा सुरभीने लहानपणी गणपतीच्या करंगळीचा टवका रंगाखाली लपवला. कान्हूला तो सापडला. मारलं नाही, ओरडला नाही. मूर्ती उचलून कोपऱ्यात तोंड फिरवून ठेवली आणि त्या दिवशी तो जेवला नाही. पोरीला त्यापेक्षा दोन थोबाडीत बसल्या असत्या तर बरं झालं असतं. तेव्हापासून तिची नजर अशी झाली की वस्तूवर डाग पडला रे पडला, हात आपोआप ती वस्तू बाजूला सारायचा.

पेणच्या कॉलेजात एका बाईंनी तिला काचेतून उन्हाचे रंग पाडून दाखवले. जांभळ्यापाशी येऊन पट्टा संपला. सुरभीने विचारलं, "बाई, जांभळ्याच्या पुढे?"

"पुढेही आहे. आपल्याला दिसत नाही एवढंच."

झालं. जिच्या घरात रंगांच्या डब्यांची उतरंड, तिला कळलं की एक रंग असा आहे ज्याचा डबाच नाही. ते वेड डोक्यात शिरलं ते निघालं नाही. पुढची शिक्षणं झाली, परीक्षा झाल्या, संशोधनासाठी शिष्यवृत्ती मिळाली आणि ती निडीच्या संस्थेत कमळाकर सरांच्या हाताखाली दाखल झाली. मधल्या काळात स्थळंही आली. पाहुणे विचारायचे, "मुलगी काय करते?" कान्हू भोळा. तो सांगायचा, "न दिसणारा उजेड बनवते." पाहुणे पोहे खाऊन जायचे ते परत यायचे नाहीत.

आता हा उजेड काय, ते समजून घेतल्याशिवाय पोरीचं दुःख कळायचं नाही. सुरभीने ते घरी कितीदा सांगितलं. लोखंडाचं एक मोठं भांडं. त्यातली सगळी हवा पंपाने ओढून काढायची, कारण हा उजेड इतका नाजूक की हवा त्याला जन्मताच गिळते. भांड्यात चांदीची एक पट्टी. तिच्यावर लेसरचा पहिला टोला मारायचा, बेताचा. तापल्या तव्यावर पाण्याचा हबका मारावा तसा चांदीतून भपकारा उठतो. पण ती साधी वाफ नव्हे. ती इतकी तापलेली असते की चांदीच्या कणांच्या अंगावरचे काही इलेक्ट्रॉन सुटे झालेले असतात. त्याला प्लाझ्मा म्हणतात. तो भपकारा पांगायच्या आत, पट्टीला न शिवता, अगदी तिच्या अंगावरून लेसरचा दुसरा किरण सोडायचा. हा मात्र दांडगा, आणि पापणी लवायच्या आत लाखो करोडो वेळा येऊन जाईल इतका आखूड. हा किरण इलेक्ट्रॉनला घरातून ओढून बाहेर काढतो आणि लगेच उलटा फिरवून परत घरावर आणून आपटतो. सासरी ओढत नेलेली पोर त्याच पावली माहेरच्या उंबऱ्यावर येऊन आदळावी आणि तिने जी किंकाळी मारावी, ती किंकाळी म्हणजे हा नवा उजेड. जांभळ्याच्या कितीतरी पलीकडचा. आणि गंमत अशी, की सगळ्या कणांच्या किंकाळ्या एका ठेक्यात निघतात. बाल्या नाचात सगळ्यांचे पाय एकदम पडतात ना, तसं. म्हणून तो उजेड दिव्यासारखा चहूकडे सांडत नाही, एका धारेत जातो. पुढे एक आरसा त्याच्या वेगवेगळ्या रेषा करतो. कंपनं मूळ किरणाच्या नऊपट, अकरापट, तेरापट. शिडीच्या पायऱ्यांसारख्या त्या, हा उजेड पडला की चमकणाऱ्या पडद्यावर, उमटल्या की जिंकलं.

"आन् दहापट, बारापट?" पुतळीने एकदा विचारलं होतं.

"ती नाय येत आये. किरण इकडून ओढतो तसाच तिकडून ओढतो. दोन्ही बाजू सारख्या, म्हणून सम आकडे एकमेकांना खाऊन टाकतात."

"म्हंजे जावाजावांसारखा," पुतळी म्हणाली, आणि त्या दिवशी सुरभी पोट धरून हसली होती.

पण विषम आकडेही येईनात. पहिला टोला कमी करून बघितला, वाढवून बघितला. वाढवला की सुटे इलेक्ट्रॉन माजतात आणि सगळा ठेका बिघडतो, म्हणून परत कमी केला. दोन किरणांमधला वेळ बदलला. पडदा बदलला. पालथ्या घड्यावर पाणी.

शेजारच्या टेबलावर विशाल होता, जिते गावचा. त्याने कोळशाची कांडी घेतली होती, आणि त्याच्या रेषा केव्हाच उमटल्या होत्या. त्याचा प्रबंध लिहून झाला होता. पोरगा वाईट नव्हता, पण जिभेला हाड नव्हतं.

"सुरभे, तुझी चांदी बघ. देवघरातल्या ताम्हणासारखी लखलखीत. आन् माझा कोळसा बघ, चुलीतून उचलल्यासारखा."

"मंग?"

"मंग काय? देव पन लायकी बघून पावतो."

ती हसायची नाही. पट्टी घासत बसायची. बारीक पॉलिश पेपर, मग त्याहून बारीक. हातमोज्यातून काही कळत नाही म्हणून शेवटी मोजा काढून बोट फिरवायची, आणि आरशासारखी झाली की मगच भांड्यात ठेवायची.

श्रावण लागला आणि वरून हुकूम आला. संस्थेतलं मोठं लेसरचं यंत्र उत्तरेकडच्या दुसऱ्या संस्थेत हलवायचं. कमळाकर सरही त्याच महिन्यात निवृत्त व्हायचे होते. त्यांनी सुरभीला खुर्चीवर बसवलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "शुक्रवारी बांधाबांध करणारे येतील. तोवर चांदीत रेषा दिसल्या तर तुझा प्रबंध आहे. नाही दिसल्या तर तुझ्याकडे लिहायला काही नाही. मी खोटी आशा लावणार नाही."

"शिष्यवृत्ती, सर?"

"या महिन्याअखेर संपते. वाढवून मागितली होती, नाही म्हणाले."

त्या आठवड्यात सुरभी घरी असून नसल्यासारखी होती. हमरापुरात हे दिवस म्हणजे श्वास घ्यायला फुरसत नाही. शेडमध्ये रांगेने गणपती उभे, टेम्पोवाले दारात, आणि कान्हूचे हात गेल्या वर्षापासून थरथरायला लागलेले. सुरभी संध्याकाळी ब्रश घेऊन बसायची, पण रंग सुकून जायचा तरी हात हलायचा नाही. आत्या ओटीवरून बोललीच, "शिकून काय मिलवला? घरचा काम येत होता तो पन गेला."

"गप गो तू," कान्हू म्हणाला. मग पोरीशेजारी येऊन बसला. म्हणाला, "पोरी, नाय झाला तर नाय झाला. हितं पोटाला कमी हाय काय?"

बाप धीर द्यायला बोलला, पण ते ऐकून तिच्या अंगातलं उरलंसुरलं बळही गेलं. बापानेही सोडलं, असं तिला वाटलं. ती मागच्या दारी जाऊन पाण्याच्या पिंपापाशी उभी राहिली आणि तोंडावर पाणी मारत राहिली. तोंड धुऊन झालं होतं तरी मारत राहिली.

शुक्रवारी भांड्यात चांदीची शेवटची पट्टी होती. पंपाचा घूंघूं आवाज चालू. सुरभीने पहिले टोले मारले. पडदा काळा. छोट्या कॅमेऱ्यातून पट्टीवर राखाडी ठिपका दिसायला लागला, आणि तिचं बोट सवयीने मोटरच्या बटणावर गेलं. या मोटरने आतली पट्टी जराशी सरकते आणि कोरी जागा समोर येते.

मोटर कर्र करून थांबली. परत दाबलं. कर्र. तिसऱ्यांदा तर कर्रही नाही.

सुरभीचा चेहरा बघूनच विशाल उठून आला. त्याने वायरी हलवल्या, बटण दाबून बघितलं. "आतच अडकली. भांडं उघडावं लागेल."

"उघडायचं नाही," मागून कमळाकर सर म्हणाले. "बाहेर श्रावणाची दमट हवा आहे. एकदा आत गेली की भांड्याच्या भिंतींना ओल चिकटेल. पंपाला ती काढायला उद्याचा दिवस जाईल. आपल्याकडे दुपारपर्यंतचा वेळ आहे."

"मग सर?"

"त्याच जागेवर मार."

"त्या जागेवर डाग पडलाय, सर."

"डाग पडलाय. खड्डा कुठे पडलाय?"

सुरभी थांबली. सरांनी तिला पहिल्या दिवशी नियम सांगितला होता, खड्डा पडला की पट्टी पुढे सरकव. तो नियम तिने डोळ्यात तेल घालून पाळला होता.

"सर, खड्डा म्हणजे किती?"

"टोला आत बुडतो आणि भपकारा वर येईनासा होतो, इतका. का? तू कधी सरकवतेस?"

"ठिपका दिसला की."

"प्रत्येक वेळी?"

"डाग पडलेली वस्तू, सर..." "आमच्याकडे ठेवत नाहीत."

सर तिच्या उघड्या बोटांकडे बघत होते. डाव्या हाताचा मोजा टेबलावर पडला होता.

"पट्टी घासून झाली की बोट फिरवतेस?"

तिने मान हलवली.

सर खुर्चीत बसले. बोलले ते अगदी हळू. "सुरभी, पहिले टोले चांदीला लागतच नाहीत. बोटाचं तेल, कागदाची पूड, हवेने चढलेला थर, हे सगळं आधी उडतं. ठिपका पडतो तो त्याचा. त्याखाली खरी चांदी उघडी पडते. आणि नेमकी तेव्हा तू पुढे जातेस."

विशालने तोंड उघडलं आणि, काय आश्चर्य, मिटलं.

"दोन वर्षं," सुरभी म्हणाली. दोन वर्षं तिने स्वतःच्या हाताने दार उघडायच्या वेळी दार ओढून घेतलं होतं. वाईट काम केलं असतं तर एक वेळ समजलं असतं. जपून केलं, म्हणून गेलं.

"मीही तुझ्या शेजारी बसून पडद्याकडेच बघत होतो," सर म्हणाले. "पट्टीकडे कधी बघितलं नाही. ते आता राहू दे. मार."

तिने टोले चालू केले. ठिपका मोठा व्हायला लागला, काळपट, कडा फाटलेल्या. तिच्या हाताला ते सोसेना. बटणाकडे जाईल म्हणून तिने दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसून राहिली. पडदा काळा. अजून काळा. मग खालच्या बाजूला काहीतरी आहे असं वाटलं, डोळे दुखल्यावर वाटतं तसं. मग ते गेलं नाही. एक फिकी आडवी रेघ, तिच्या वर दुसरी, आणि तिसरी.

"नऊ, अकरा, तेरा," विशाल पुटपुटला. "सुरभे, पंधरावी पन हाय!"

सुरभी ओरडली नाही की रडली नाही. चित्र साठवायचं बटण दाबलं. रेषा थोडा वेळ उजळ होत राहिल्या, मग एकेक करून विझल्या. आता खरोखरच खड्डा पडला होता.

"एकदा दिसलं," सर म्हणाले. "एकदा दिसलेल्याला परीक्षक योगायोग म्हणतील. आणि म्हणायलाच पाहिजे."

पट्टी सरकत नव्हती. पण किरण सरकवता येत होते. त्यांची भिंगं आणि आरसे भांड्याबाहेर होते. दोन्ही किरण सारखेच हलवायचे, केसाएवढे, आणि परत एकमेकांशी जुळवायचे. या जुळणीला एरवी आख्खा दिवस जायचा. सुरभी आरशांच्या स्क्रूंवर वाकली. सर कॅमेऱ्यात बघून सांगत होते, "डावीकडे. नको, फार झालं. मागे."

तेवढ्यात दार उघडलं. चिकटपट्ट्यांची रिळं हातात अडकवून बांधाबांधवाल्यांचा मुकादम आदर्श उभा होता.

"मॅडम, मेन स्विच पाडायचाय."

"आधी पलीकडची खोली बांधा."

"ती झाली."

"मग चहा घ्या."

"चहा झाला."

"मग जेवून तरी या!"

"उपास हाय मॅडम. श्रावणी शुक्रवार."

सुरभीने वर बघितलं. त्या नजरेत काय होतं कोण जाणे, आदर्श एक पाऊल मागे सरकला. विशालने त्याच्या खांद्यावर हात टाकला. "दादा, तुमचा खोका दारातून जाईल काय, ते मोजला काय? चला, मी दाखवतो. नायतर नंतर भिंत फोडायला लागंल." आणि त्याला बोलत बोलत बाहेर घेऊन गेला. त्या दारातून हत्ती गेला असता.

किरण जुळले. सुरभी परत हातांवर बसली. मळ उडाला, ठिपका पडला, काळा झाला. बाहेरून आदर्शचा आवाज येत होता, आता जरा चढलेला. मग रेषा आल्या. पहिल्यापेक्षा फिक्या, पण त्याच जागी, तेवढ्याच अंतरावर. तिने साठवल्या. लगेच तिसऱ्या जागेसाठी स्क्रूला हात घातला, आणि दिवे गेले. पंप घरघरत घरघरत थांबला. पडद्यावर काहीच नव्हतं.

"वरून फोन आला हो," दारातून आदर्श म्हणाला. बिचारा ओशाळला होता. "मी काय करणार?"

सुरभीने काळोखातच स्क्रूवरचा हात काढला.

"दोन पुरतील, सर?" सुरभीने विचारलं.

"नाही," सर म्हणाले. "तुला हाकलणार नाहीत. पण पदवीही देणार नाहीत. आणखी लागतील. आणि आधीची दोन वर्षं का वाया गेली, तेही विचारतील."

"सांगेन."

सर बाहेर उजेडात गेले आणि यंत्र जिथे जाणार होतं तिथल्या ओळखीच्या माणसाला त्यांनी फोन लावला. बराच वेळ हिंदीत बोलले. विनवण्या करायची सवय नसलेला माणूस, शब्द अडखळत होते. मग फोनवर हात ठेवून सुरभीकडे वळले.

"यंत्र तिथे परत उभं राहायला वर्ष लागेल म्हणतात. त्यानंतर तुला पंधरा दिवस देतील. वर्षभर हातात काही नसेल, शिष्यवृत्तीही नाही. पंधरा दिवसांतही होईलच असं नाही."

सुरभीच्या डोळ्यांसमोर वर्ष उभं राहिलं. आत्याची ओटी, बापाचे थरथरते हात, पुतळीचं रोजचं विचारणं, आणि तिकडे लांब कुठेतरी खोक्यात बंद पडलेलं यंत्र. तिला नाही म्हणायचं होतं. नाही म्हणून एकदाचं झोपायचं होतं.

"हो म्हणा," ती म्हणाली.

"नीट विचार कर."

"विचार केला तर नाही म्हणेन. आताच हो म्हणा."

सरांनी फोनवरचा हात काढला. आतल्या खोलीत आदर्शची माणसं बॅटरीच्या उजेडात भांड्याभोवती लाकडाच्या फळ्या उभ्या करत होती. कुणीतरी आरशाच्या खांबाला धरून उचलायला बघत होता. सुरभी झटक्यात आत गेली.

"तिथं नाय धरायचा, दादा," ती म्हणाली. "खालून धरा. थांबा, मी दाखवते."